शीग

आई चिलोएच्या धक्क्यावर शिंपल्या विकायची,
लाकडी पेटीनं मापून. आल्मुद म्हणतात तिला इकडे.
ओळखीच्या बाईला शिगोशीग,
वर आणखी एक मूठ.
मुख्य भूमीवरून आलेल्याला काठाबरोबर,
हाताची कड फिरवून सपाट.
दोन्ही मापं खरी. पेटी एकच.
आपण लबाडी करतोय असं तिला कधी वाटलं नाही,
आणि मलाही नाही, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत.

सॅमनच्या कारखान्यातल्या संपावर मी पुस्तक लिहितेय.
एकेचाळीस दिवसांचा संप, बावीस वर्षांपूर्वीचा.
टेपा आहेत, पगाराच्या चिठ्ठ्या आहेत,
एका बाईच्या हातमोज्यांचा जोड आहे,
बोटांपाशी मिठानं कडक झालेला.

परवा वीज गेली होती, दुसरं काम सुचेना,
म्हणून मेणबत्तीशी बसून हस्तलिखितातली क्रियापदं मोजली.
ओतिलिया नाउएल्किन सांगते, आठवते, म्हणते.
व्यवस्थापक बास्तिदास दावा करतो,
मान्य करायला तयार नसतो,
हात झटकतो.
हात झटकतो!
मी तर त्याच्याशी फोनवर बोलले होते.
त्याचे हात मला दिसले कुठे?

मग टेपा लावल्या.
ओतिलियाच्या स्वयंपाकघरात मी गप्प आहे.
चुलीत लाकूड तडकतं, ती तव्यावर बटाट्याचा मिलकाओ उलटते,
चौदा सेकंद कुणी बोलत नाही,
आणि मग ती ते वाक्य बोलते
ज्यावर माझं तिसरं प्रकरण उभं आहे.
फोनवर बास्तिदास थांबतो, श्वास घेतो,
आणि दुसऱ्याच सेकंदाला एक बाई:
'म्हणजे तुम्हाला माहीत होतं तर.'
माझा आवाज.
पेटीच्या काठावरून फिरणारी हाताची कड.

पुएर्तो मोंतला गेले. फेरीनं, मग बसनं.
म्हातारा झालाय, मांडीवर मांजर.
चहा घेणार का, म्हणाला. घेतला. फार गोड होता.
प्रश्न विचारला आणि जिभेखाली आकडे मोजत बसले.
हा चांगला माणूस निघाला तर, अशी धास्ती होती मनात.
तसं काही झालं नाही.
बायकांची सुजलेली बोटं त्याला आजही 'किरकोळ' वाटतात.
तो शब्द तसाच उतरवला, शेजारी काही न ठेवता.
विसाव्या सेकंदाच्या आसपास म्हणाला,
'तुमचा भाऊ कसा आहे? एल्योदोरो?
तीन रात्री मागच्या दारानं यायचा कामावर.
मुलीच्या चष्म्याला पैसे हवे होते त्याला.
मी कुणाजवळ बोललो नाही.'

पान बावन्न:
'एकेचाळीस दिवस. एकही माणूस फुटला नाही.'
सुंदर वाक्य. परिच्छेदाच्या शेवटी, एकटं.
परतीच्या फेरीत कानांत बोंडं घालून सगळं पुन्हा ऐकलं.
ते कुणीच म्हणालेलं नाही.
ते माझं.
वरची मूठ.

आता भावाच्या अंगणात बसलेय.
तो लाकडं फोडतोय, माझ्याकडे पाठ करून.
भाची दारात येऊन काचा पुसते, आत जाते.
वहीत अर्धं वाक्य आहे:
'तीन रात्री तो आला, असा बास्तिदास'
आणि पुढे कोरी जागा.
'दावा करतो' लिहिलं तर भाऊ सुटतो.
'असा' खोडून 'असं' केलं आणि 'म्हणतो' लिहिलं,
तर ओतिलियाच्या चुलीपाशी पुन्हा बसणं नाही.
आणि मी कुणाची बहीण आहे,
हे तर तीनशे पानांत कुठेच नाही.

टेप सुरू केली. विचारलं.
कुऱ्हाड वर थांबली, मग खाली आली,
ओंडक्यात रुतून बसली.
सात. आठ.
त्याच्याऐवजी आपणच काहीतरी बोलून टाकावं
असं फार वाटतंय.
नऊ.